दहा मोजेपर्यंत

लाइट गेली आणि घंटा वाजली.

"एक," स्टुलावर बसलेले अण्णा म्हणाले.

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो बॅटरीवर चालू होता, पण पडद्यावरचे आठ टाक्यांचे आठ आकडे जागच्या जागी थिजले होते.

"दोन."

"हलेल आता," मी म्हणालो.

"हलू दे की. कोन नगं म्हनतंय? तीन."

समोर भिंतीलगत एक जाड पाइप होता आणि त्यावर माझा व्हॉल्व्ह. माझा म्हणजे मी पुण्याहून आणलेला, विजेच्या इशाऱ्यावर आपणहून बंद होणारा. निदान माहितीपत्रकात तो तसा होता. प्रत्यक्षात तो सताड उघडा होता आणि त्यातून गावोगावचं कोमट दूध खळखळत पुढे चाललं होतं.

"चार. पाच." इथून पुढे अण्णांचे आकडे सैल व्हायला लागले. "स...हा. सा...त."

मी कीबोर्डावरची बटणं दाबून पाहिली. जी दाबायची ती दाबली, जी दाबू नयेत असं मीच इतरांना सांगत असे तीही दाबली.

"आठ. साडेआठ." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "नऊ. सव्वानऊ. साडेनऊ. पावणे..." इथे ते खोकले. एवढा सावकाश खोकला मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेला नाही. "पावणेदहा. काय सायेब, येनार हाय का तुमचा गडी?"

"नाही, अण्णा."

"दहा."

अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले, पाइपाजवळ गेले, हाताचं लोखंडी चाक तीन वेळा फिरवून दूध बंद केलं. बाहेर जाऊन जनरेटर सुरू केला. परत येऊन भिंतीवरच्या वहीत वेळ लिहिली आणि पुन्हा स्टुलावर बसले.

"वाईट वाटून घेऊ नगा," ते म्हणाले. "उद्या हायच की लाइट जायाची."

ही गोष्ट दोन हजार दोन सालातली. वीज जाण्याच्या बाबतीत बेलवडी गाव भाग्यवान होतं. तिथे वीज जायची वेळ ठरलेली होती, बरोबर बारा. यायची वेळ ठरलेली नव्हती, पण एवढी शिस्त एकाच खात्याकडून मागणं बरं नव्हे.

बेलवडीच्या सहकारी दूध संघात सकाळपासून चाळीसेक गावांचं दूध यायचं. ते माडीवरच्या हौदात ओतलं जायचं, तिथून ते पाइपाने खाली यायचं, वाटेत गार व्हायचं आणि मोठ्या टाक्यांत पडायचं. वीज गेली की गार करणारं यंत्र थांबे, पण वरून दूध येणं थांबत नसे. उतारावरून खाली यायला दुधाला वीज लागत नाही. मिनिट-दोन मिनिटांत पाइप बंद केला नाही, तर कोमट दूध गार दुधात मिसळायचं आणि सगळी टाकी नासायची. म्हणून वीज गेली की एक घंटा वाजायची, आणि घंटा वाजली की पायगोंडा मगदूम, म्हणजे अण्णा, स्टुलावरून उठून पाइप बंद करायचे. एकोणीस वर्षं त्यांचं एवढंच काम होतं. उरलेला सगळा वेळ ते बसलेले असायचे.

हे बसणं नव्या चेअरमनांना खुपलं. उदाजीराव बाहेरगावी शिकून आले होते. त्यांनी आमच्या कंपनीला बोलावलं आणि अण्णांच्या जागी कॉम्प्युटर बसवायचं ठरलं. आमची कंपनी म्हणजे मी, माझा भागीदार आणि झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली.

करार सोपा होता. गुरुवारी सगळ्या संचालकांसमोर तीन वेळा वीज तोडायची. तिन्ही वेळा पाइप आपणहून बंद झाला तर अण्णांचं स्टूल उचलायचं, आणि त्यांना क्रेट धुवायच्या हौदावर पाठवायचं. तिथे दिवसभर पाण्यात उभं राहावं लागे. अण्णांचा उजवा गुडघा वाकताना दाराच्या बिजागरीसारखा आवाज करी, आणि निवृत्तीला चौदा महिने होते. पाइप बंद झाला नाही तर माझं सामान ट्रकमध्ये भरून पुण्याला रवाना करायचं.

म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाचं काम राहणार होतं. तोवर दूध नासू नये म्हणून मधली सोय अशी की घंटा वाजली की अण्णांनी दहा मोजायचे. तेवढ्यात यंत्राने काही केलं नाही तर उठायचं. दहा आकडे कसे मोजायचे हे करारात लिहिलेलं नव्हतं. साडेआठ आणि पावणेदहा ही अण्णांची स्वतःची भर.

"खांबेटे सर, आज पण नाही का झालं?" प्रयोगशाळेतून शैलाताई आल्या. शैलाताई कांबळे दुधाचं फॅट तपासायच्या, आणि जाताजाता माणसांचंही.

"चार वेळा नीट चालतं आणि पाचव्या वेळी अडतं," मी म्हणालो. "पुण्यात एकदाही अडलं नव्हतं."

"पुण्यात किती टाक्या लावल्या होत्या?"

"एक बादली होती."

"बादलीत दूध होतं?"

"पाणी."

"आमच्याकडे पाणी घातलेलं दूध परत पाठवतात," शैलाताई म्हणाल्या, आणि आपल्या बाटल्या घेऊन गेल्या.

माझी अडचण काय होती ते सांगितलं पाहिजे. माझ्या प्रोग्रॅममध्ये आठ थ्रेड होते. थ्रेड म्हणजे एकाच घरात राहून एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे आठ भाऊ समजा. प्रत्येकाकडे एकेक टाकी. टाक्यांशी, आणि त्या व्हॉल्व्हशीही, बोलायची तार मात्र एकच. दोघं एकदम बोलले तर कोणालाच काही कळायचं नाही, म्हणून नियम असा, की बोलायचं त्याने आधी तारेचा ताबा घ्यायचा, बोलून झालं की सोडायचा. दुसऱ्याच्या हातात ताबा असेल तर तो सोडेपर्यंत मुकाट्याने थांबायचं. हे सगळं सुरळीत चालू होतं.

वीज गेली की बॅटरीकडून कॉम्प्युटरला निरोप यायचा. या निरोपाला सिग्नल म्हणतात. सिग्नल आला की हातातलं काम आहे तसं टाकून ताबडतोब व्हॉल्व्ह बंद करायचा, असं मी आठही भावांना बजावून ठेवलं होतं. ज्याला आधी कळेल त्याने करावं. घरात आठ कर्ते पुरुष असताना काळजी कसली, असा माझा हिशेब होता. एकत्र कुटुंबाचा अनुभव मला नव्हता.

सोमवार असा गेला. मंगळवारी सकाळी मी सगळा प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला आणि अण्णांच्या शेजारी पोत्यावर बसून एकेक ओळ वाचायला लागलो. बारा वाजता वीज गेली. "एक," अण्णा म्हणाले, आणि खटकन व्हॉल्व्ह बंद झाला. त्या दिवशी तो चालायचा दिवस होता. अण्णांनी मान डोलावली आणि दहापर्यंत मोजून पुरं केलं.

"चालला की ओ."

"हेच तर वाईट आहे, अण्णा. का चालला ते कळत नाही."

"आमचा थोरला पोरगा असाच हाय," अण्णा म्हणाले. "कवा काम करील कळत न्हाई. ताक घेनार?"

संघाचं ताक पितळी तांब्यातून यायचं. त्यात जिरं आणि मीठ असे. उन्हाळ्यातली दुपार, पाइपांवर जमलेलं थंड पाणी टपटपतंय आणि हातात ते ताक. नंतरच्या आयुष्यात मी बऱ्याच चांगल्या ऑफिसांतून बसलो, पण त्या पोत्याची सर कुठल्या खुर्चीला आली नाही.

"अण्णा, तुमच्या आधी घंटेवर कोण होतं?"

"आदी? आदी कुनीच न्हवतं. आदी घंटा समद्यांची हुती."

"म्हणजे?"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. "आबासायेब हुते तवा चेअरमन. आत्ताच्या चेअरमनांचे वडील. त्यांनी संघ काढला. त्यांनी नियम घातला, घंटा झाली की ज्याच्या कानावर पयल्यांदा पडंल त्यानं हातातलं टाकून पळायचं. तवा हे चाक कोंडलेलं हुतं, कुनी मदीच फिरवू ने म्हनून. खोलीला कुलूप आनि किल्ली बाहीर खुंटीवर. पळायचं, खुंटीची किल्ली घ्यायची, कुलूप काढायचं, चाक फिरवायचं."

"आणि खुंटीवर किल्ली नसली तर?"

"तर खुंटीम्होरं हुबं ऱ्हायाचं. कुनीतरी नेली आसंल, तो आनून देनारच की. किल्ली नेनारानं खुंटीलाच आनून द्याची, असाबी नियम. किल्लीपायी हिकडंतिकडं हुडकत फिरू ने, चुकामूक हुते."

"नियम चांगला होता."

"लई चांगला. चार वर्सं चालला. मग एक दिवस एक गडी ती खोली धुऊन भायेर आला. कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला आडकवली, हातात झाडू-बादली. खुंटीवर किल्ली ठेवायला निघाला. आनि निम्म्या वाटंत घंटा झाली."

"मग?"

"नियम काय? हातातलं टाकायचं. त्यानं झाडू टाकला, बादली टाकली. मग काय करायचं? खुंटीकडं पळायचं. पळाला. बगतो तर खुंटी रिकामी."

मी ताकाचा घोट घेतला होता, तो नको त्या वाटेने गेला.

"खुंटी रिकामी म्हंजे किल्ली कुनीतरी नेलीया," अण्णा शांतपणे सांगत होते. "मग काय करायचं? हुबं ऱ्हायाचं. ऱ्हायला हुबा. ज्यानं नेलीया त्यो आनून देईल म्हनून."

"किल्ली त्याच्याच कमरेला!"

"त्याच्याच."

"किती वेळ उभा होता?"

"पाव तास."

"आणि बाकीचे? बाकीच्यांनी नाही का सांगितलं?"

"बाकीचे बगत हुते की. घंटा त्यानं ऐकलीया, त्यो पळालाय, त्यो करतोय म्हंजे आपुन कशाला? नियमच तसा. दोन टाक्या नासल्या. समदं दूध वढ्यात सोडलं. तीन दिवस वढा पांढरा वाहत हुता. म्हशी पानी पिईनात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो, पण कळसा काखेत घेऊन, पाव तास, शिस्तीत, नियमाने उभा राहिलेला माणूस मला पहिल्यांदाच दिसला. मी हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. शैलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही हात करून दाखवलं, की थांबा, बोलता येत नाही.

"इतका येडा माणूस!" मी म्हणालो. "अण्णा, इतका येडा माणूस तुमच्या संघात होता?"

"हुता खरा," अण्णा म्हणाले, आणि तेही हसले. शैलाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, यांना विनोदाचं अंग नाही.

"मग पुढे काय केलं आबासाहेबांनी?"

"नियम बदलला. घंटा झाली की बाकीच्यांनी मानबी वर करायची न्हाई. कानात कापूस घाला म्हनले. घंटेला एकच मानूस. आनि त्याच्या हातात दुसरं कायबी द्याचं न्हाई. झाडू न्हाई, बादली न्हाई, किल्ली तर न्हाईच न्हाई. ती खोलीबी पाडली. रिकामा दिसला तरी त्याला काम सांगायचं न्हाई. म्हनले, हातात काय आसंल तर मानूस आडकतो."

मी हसायचा थांबलो.

मांडीवर कागद होते. मी सतरावं पान काढलं. वीज जाते. सिग्नल येतो. सिग्नल येतो तेव्हा तिसऱ्या नंबरचा भाऊ तारेचा ताबा घेऊन आपल्या टाकीशी बोलत असतो. अर्ध्या वाक्यात त्याला सांगितलं जातं, टाक ते, पळ, व्हॉल्व्ह बंद कर. व्हॉल्व्ह बंद करायचा तर तारेचा ताबा हवा. तो ताबा मागायला जातो. ताबा कोणाच्या तरी हातात आहे. मग काय करायचं? थांबायचं. ज्याने घेतलाय तो सोडेल.

तो थांबतो. पाव तास कशाला, जन्मभर थांबेल. बाकीचे सात तारेची वाट पाहत त्याच्यामागे उभे राहतात. आणि मी पडद्यासमोर बसून बटणं दाबतो.

आणि ज्या दिवशी सिग्नल येताना त्या भावाच्या हातात काही नसतं, त्या दिवशी चालतं. पुण्याच्या बादलीशी बोलण्यासारखं फारसं काही नसायचं.

"सापडलं का?" अण्णांनी विचारलं.

"सापडलं वाटतं."

"मग बसलाय काय? करा की."

मी उठलो, आणि पुन्हा बसलो. "अण्णा, हे चाललं तर गुरुवारी तुमचं स्टूल..."

"ठाव हाय."

"क्रेटच्या हौदावर दिवसभर उभं राहायचं. तुमचा गुडघा..."

"गुडगा माजा हाय, त्याचं मी बगतो." अण्णांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "दूध नासलं तर चाळीस गावचं नासतं. उटा."

मी उठलो. आठही भावांच्या कानात कापूस घातला, म्हणजे सिग्नलकडे त्यांनी लक्षच द्यायचं नाही असं लिहून टाकलं. नववा एक नवीन जन्माला घातला. त्याला टाकी दिली नाही, हिशेब दिला नाही, काहीही दिलं नाही. त्याने फक्त सिग्नलची वाट पाहत बसायचं. आला की उठायचं, तार मागायची, ज्याच्या हातात असेल तो आपलं वाक्य संपवून देईल, मग व्हॉल्व्ह बंद करायचा, जनरेटर सुरू करायचा, वेळ लिहायची आणि पुन्हा बसायचं. इतक्या दिवसांच्या संशोधनाचं फळ म्हणजे अकरा ओळी. प्रोग्रॅममध्ये माणसांनी माणसांसाठी एखादी ओळ लिहिली तर यंत्र तिकडे बघत नाही. त्या नवव्याच्या डोक्यावर मी तशी एक ओळ लिहिली.

बुधवारी अण्णा आणि मी मिळून तेवीस वेळा वीज तोडली. तेविसाव्या वेळी अण्णा म्हणाले, "आता पुरे, घंटेला त्रास हुतोय."

गुरुवारी साडेअकरालाच संचालक मंडळ आलं. नऊ पांढऱ्या टोप्या आणि एक उदाजीराव. मॅनेजर हसबनीस हातात फाइल घेऊन सगळ्यांच्या मागे. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून स्टुलावर बसले होते. पाठ भिंतीला टेकलेली नव्हती.

"करा सुरू," उदाजीराव म्हणाले.

हसबनीसांनी मेन स्विच खाली ओढला. घंटा वाजली.

"एक," अण्णा म्हणाले. "दो—"

खट्.

व्हॉल्व्ह बंद झाला. बाहेर जनरेटर खोकला आणि चालू झाला. टोप्या एकमेकींकडे वळल्या. कोणीतरी "वा" म्हटलं. आणि त्या सगळ्या गडबडीत, कोणी ऐकत नसताना, अण्णांनी "तीन, चार, पाच" करत दहापर्यंत मोजून पुरं केलं. करार दहाचा होता. साडेआठ नाही, पावणेदहा नाही, सरळ आकडे.

दुसऱ्या वेळी तसंच झालं. तिसऱ्या वेळी तर एका संचालकाने स्वतः स्विच ओढायची हौस भागवून घेतली. तिन्ही वेळा अण्णांनी दहा मोजले.

"छान," उदाजीराव म्हणाले. "हसबनीस, सोमवारपासून अण्णांचं नाव क्रेटवर लिहा. आणि ते स्टूल—"

"साहेब," मी म्हणालो, "एक अट राहिली."

"कसली अट?"

ती मी आदल्या संध्याकाळी छापून आणली होती. माझा अनुभव असा, की सहकारी संस्थेत तोंडी बोललेलं हवेत जातं, हाताने लिहिलेलं फाइलला जातं, पण कडेला भोकं असलेल्या कागदावर छापलेलं असेल तर त्याला मान असतो. मी कागद पुढे केला. "यंत्र फक्त बॅटरीकडून येणारा निरोप ऐकतं, साहेब. ती तार निघाली, उंदराने कुरतडली, तर यंत्राला वीज गेल्याचं कळणारच नाही. घंटा वेगळ्या तारेवर आहे. ती वाजेल, पण ती ऐकायला यंत्राला कान नाहीत. म्हणून घंटेजवळ एक माणूस हवा. दुसरं काहीही काम नसलेला."

"किती दिवस?"

"वॉरंटी संपेपर्यंत."

"वॉरंटी किती आहे?"

"चौदा महिने."

उदाजीरावांनी कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे. अण्णा समोरच्या पाइपाकडे बघत होते.

"खांबेटे," उदाजीराव म्हणाले, "वॉरंटी बारा महिन्यांची असते. माझ्या घरच्या फ्रिजचीसुद्धा बाराच महिन्यांची आहे."

"आमची चौदा असते."

"चौदाच कशी बरी? पंधरा नाही?"

टोप्यांपैकी एकीने घड्याळ पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती.

उदाजीरावांनी कागदाची घडी घातली. "किल्लीची गोष्ट सांगितली का यांनी तुम्हाला?"

"सांगितली. खुंटीसमोर उभा राहिला तो माणूस."

"तो कोण होता ते सांगितलं?"

"नाही."

उदाजीरावांनी नुसती हनुवटी हलवली. स्टुलाच्या दिशेने.

पाइपांवरून पाणी टपटपत होतं. मला मंगळवारची दुपार आठवली. माझं हसणं, डोळ्यांतलं पाणी, शैलाताईंनी अण्णांकडे टाकलेली नजर. आणि "हुता खरा" म्हणून माझ्याबरोबर हसलेले अण्णा.

"सगळे म्हणाले, हाकला याला," उदाजीराव सांगत होते. "मी कॉलेजात होतो तेव्हा. मीही म्हणालो. आबा म्हणाले, दोन टाक्या घालवून एक माणूस तयार झालाय, तो बाहेर कशाला घालवू? हा आता घंटा कधी विसरणार नाही. स्वतः बाजारातून ते स्टूल आणलं." त्यांनी घडी घातलेला कागद हसबनीसांच्या फाइलवर ठेवला. "फाइलला लावा. चौदा महिने. चौदा महिन्यांनी काय आहे ते मलाही मोजता येतं, खांबेटे. चला, जेवायला चला."

सगळे गेल्यावर मी अण्णांपाशी गेलो. काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, ते वाटेतच सांडलं.

"अण्णा, त्या दिवशी मी..."

"वॉरंटी चौदा म्हैन्याची कुटं आसती ओ?" अण्णा म्हणाले. "जरा तरी पचंल असं बोलावं मानसानं."

"तुम्ही नाही का पावणेदहा मोजत?"

अण्णा हसले. मग बराच वेळ गुडघा चोळत बसले. "त्यो तुमच्यातला," त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं, "त्यो दिसभर नुसता बसून आसतो?"

"नुसता."

"बाकीचे बोलत न्हाईत त्याला?"

"त्यांच्या कानात कापूस आहे."

"आनि पगार?"

"नाही."

"गरीब हाय," अण्णा म्हणाले.

पुढच्या चौदा महिन्यांत ती तार एकदाही निघाली नाही. बेलवडीच्या उंदरांनीही मला साथ दिली नाही. अण्णांची एक दिवसही गरज पडली नाही. तरी रोज बाराला घंटा वाजली की ते दहा मोजत, असं शैलाताईंनी मला कळवलं. निरोपाच्या समारंभाला मी गेलो होतो. शाल झाली, नारळ झाला, आणि शेवटी उदाजीरावांनी ते स्टूल अण्णांना भेट दिलं. अण्णांनी ते डोक्यावर घेतलं आणि चालत घरी गेले. टेम्पो देतो म्हटलं तर नको म्हणाले. आता त्यांना जाऊनही अकरा वर्षं झाली.

गेल्या वर्षी एका दुपारी मला फोन आला. मुलीचा आवाज होता.

"सर, मी मृण्मयी गवंडे. बेलवडीच्या दूध संघाचं सॉफ्टवेअर मी नवीन करून देतेय. जुन्यात तुमचं नाव आणि नंबर सापडला. पाच मिनिटं आहेत का?"

निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारू नये. त्याच्याकडे फक्त तेवढंच असतं.

"सर, सगळं कळलं, एक सोडून. यात एक थ्रेड आहे. मी आठवडाभर पाहतेय. बाकीचे आठ काम करतात, हा काहीच करत नाही. नुसता बसून आहे. काढून टाकू का?"

"त्याच्यावर काही लिहिलंय?"

"हो. इंग्रजी अक्षरांत मराठी. वाचते." तिने सावकाश वाचलं. "अण्णा बसले आहेत. रिकामे दिसले तरी उठवू नये."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, आहात ना? कोण अण्णा?"

"तिकडे लाइट अजून जाते का गं?"

"आता कमी. महिन्यातून एखाद्या वेळी."

"गेली की मोजायला लाग. एक, दोन असं. दोनच्या पुढे जावं लागणार नाही."

"आणि लागलं तर?"

"तर नऊनंतर घाई करू नकोस," मी म्हणालो. "सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा असं मोज. बिचाऱ्याला थोडा वेळ मिळतो."